म्हापशातलं बिनपाटीचं सायकल दुकान, ११-३४ कॅसेट आणि आमचा गालिबिये

गोव्यात रोड बाईक चालवणाऱ्या आणि आल्प्समधला एखादा मोठा घाट चढायचं मनात धरून बसलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय. तुमच्या सायकलला मागे ११-२८ कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, सगळ्यात लहान ११ दातांची, सगळ्यात मोठी २८) असेल तर तिकिटं काढायच्या आधी गिअरचं बघा, आणि ते काम म्हापशातल्या ह्या दुकानात करा. दुकानाला पाटी नाही, नावही नाही, मार्केटच्या मागच्या बाजूला एका जुन्या घराचा पुढचा व्हरांडा आहे, पण म्हापशात कोणालाही "सायकलवाले काका कुठे बसतात" विचारलं तर लगेच सांगतील. मी चार महिन्यांत तिथे सहा-सात वेळा जाऊन आलेय, त्यामुळे पहिल्या भेटीच्या आनंदात लिहितेय असं समजू नका.

मी साखळीची, औषधांचं दुकान आहे, पहाटे पाच ते साडेसात एवढाच वेळ सायकलला मिळतो. आम्ही चौघं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रान्सला चाललोय, दोघं फोंड्याची, एक डिचोलीचा आणि मी. ठरलंय ते असं, मोपाहून मुंबई, मुंबईहून ल्योंपर्यंत विमान, तिथून ट्रेनने शाँबेरी मार्गे सेंट मिशेल, आणि तिथून आल्प्समधले दोन घाट, आधी तेलेग्राफ आणि मग गालिबिये. सेंट मिशेल ७१२ मीटरवर आहे, गालिबियेचा माथा २६४२ मीटरवर. मधे तेलेग्राफ १५६६ मीटर, तो ११.९ किलोमीटर सरासरी ७.१ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर वर. मग पाचेक किलोमीटर उतरून वालुआर गाव, आणि वालुआरपासून १८.१ किलोमीटर ६.९ टक्के. म्हणजे चढ सगळा मिळून दोन हजार नव्वद मीटरच्या आसपास. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर केरीहून चोर्ला घाट चढायचा, वर पोचल्यावर लगेच दुसरा चोर्ला, आणि त्याच्यावर तिसरा.

हे तीन चोर्लांचं गणित मला जानेवारीतच कळलं होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. मला वाटायचं पाय तयार केले की झालं. चोर्ला मी पन्नासेक वेळा चढलेय, ३४-२८ वर, म्हणजे पुढची चकती ३४ दातांची आणि मागची २८ ची, शेवटच्या वळणांना उभी राहून पॅडल मारत, उजवा गुडघा जरा कुरकुरायचा पण वर गेल्यावर चहा घेतला की विसरून जायचं. मग एका रविवारी आम्ही चोर्ला दोनदा चढलो, सलग, आणि दुसऱ्या वेळी अर्ध्यावर माझा केडन्स, म्हणजे मिनिटाला पॅडलच्या फेऱ्या, पंचेचाळीसवर आला आणि गुडघा असा दुखायला लागला की मी सायकल कठड्याला टेकवून बसून राहिले. दम अजिबात लागला नव्हता, पायात ताकद होती, पण गुडघा नाही म्हणाला. तेव्हा वहीत आकडेमोड केली. माझं वजन ६१ किलो, सायकल, पाणी, हत्यारं, जॅकेट धरून ७४. आठ टक्के चढावर ताशी आठ किलोमीटरने जायचं तर साधारण १४० वॅट लागतात, तेवढे मी तीन तास देऊ शकते, ते ट्रेनिंगमधून माहिती आहे. पण त्या वेगाला ३४-२८ वर केडन्स येतो ५२, आणि ३४-३४ वर येतो ६३. तेवढीच ताकद, तोच वेग, पण मिनिटाला अकरा फेऱ्या जास्त आणि प्रत्येक फेरीत गुडघ्यावर तेवढा दाब कमी. तीन-साडेतीन तासांत हा फरक केवढा होतो बघा.

म्हणून शिमानोची एचजी ८०० कॅसेट घेतली, ११-३४, अकरा स्पीडची. आणि इथे पहिली चूक झाली, ती माझीही आणि दुकानाचीही. मी ती एका मोठ्या, चकाचक दुकानात लावून घेतली, नाव लिहीत नाही. त्यांनी जुनी कॅसेट काढली, नवी लावली, स्टँडवर चाक फिरवून दाखवलं, पैसे घेतले. माझं मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, शिमानो १०५ चं, छोट्या केजचं (चेन ताणून धरणारा खालचा दांडा), ते जास्तीत जास्त ३० दात झेपवतं, ३४ साठी लांब केजचं लागतं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चेनही तीच जुनी ठेवली, २८ च्या मापाने कापलेली. दुसऱ्याच दिवशी होंड्याच्या अलीकडे छोट्या चढावर मी पुढे मोठ्या चेनरिंगवर (पॅडलजवळच्या चकतीवर) असताना मागे सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकलं, चेन तारेसारखी ताठ झाली, डिरेलर पुढे ओढलं गेलं आणि कट्ट आवाज आला. डिरेलर ज्याला लटकतं तो हँगर वाकला. पडले नाही, मागून ट्रक येत नव्हता, एवढंच.

तिथून डिचोलीच्या मित्राने मला ह्या काकांकडे पाठवलं. काका साठीच्या पुढचे, अंगात बनियन, कानावर पेन्सिल, कोकणी-मराठी मिसळून बोलतात, आणि सायकल स्टँडला लावायच्या आधी पाच मिनिटं नुसते बघतात. त्यांनी मागचं चाक काढलं, कॅसेट दोन बोटांत धरून हलवली आणि मला म्हणाले, "बाय, हात लाव." हात लावला तर कॅसेट चाकावर बारीक हलत होती, टक टक. ही ११-३४ अकरा स्पीडच्या रोड फ्रीहबवर (मागच्या चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) बसवताना मागे १.८५ मिलिमीटरची रिंग घालावी लागते, ती त्या दुकानात घातलीच नव्हती, बहुतेक खोक्यासोबत कचऱ्यात गेली. काकांनी एका डब्यातून तशी रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली, लहान मुलीच्या बांगडीसारखी पातळ. एवढ्याशा रिंगेशिवाय मी सत्तर किलोमीटर फिरले होते.

मग मी त्यांना सगळं सांगितलं, फ्रान्स, गालिबिये, टक्के, उंची. मला ज्यांनी ज्यांनी ह्या ट्रिपबद्दल विचारलं त्या सगळ्यांचा पहिला प्रश्न असायचा की चढ किती टक्के आहे. काकांनी टक्के ऐकून घेतले, मान हलवली आणि विचारलं, "कितलो वेळ?" म्हणजे चढायला वेळ किती लागणार. मी म्हटलं थांबे धरून चार-साडेचार तास. तर म्हणाले, मग पहिल्या तासाचा गिअर बघू नको, शेवटच्या तासाचा बघ. आणि खरंच, आठ टक्के आपल्याकडे काय कमी आहेत? पणजीत आल्तिनोच्या रस्त्याला आहेत, फर्मागुढीला आहेत. पण आल्तिनो पाच मिनिटांत संपतो आणि पाच मिनिटं माणूस कुठल्याही गिअरवर काढतो. गालिबियेचा अवघड भाग सुरू होतो प्लाँ लाशाला, साधारण १९६० मीटरवर, आणि तिथून माथ्यापर्यंतचे आठ किलोमीटर सरासरी आठ-साडेआठ टक्के. म्हणजे आधीच दोन-अडीच तास चढून झाल्यावर सगळ्यात उभा रस्ता. त्यात वर हवा विरळ, माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट पण नसतो, आणि आपण सगळे समुद्रकाठची माणसं. शेवटी २५५६ मीटरवर बोगदा लागतो, सायकलवाले बोगद्याच्या बाजूने वर जातात, आणि ते उरलेले ८६ मीटर एका किलोमीटरमध्ये. १९११ साली तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा वरचा रस्ता नव्हताच, बोगद्यातूनच पार झाले होते. एमिल जॉर्जे पहिला पोचला, गिअर बदलायची सोय नसलेल्या जड सायकलवर आणि कच्च्या रस्त्यावर. ते वाचल्यापासून मला ३४ दातांची कॅसेट लावायला कमीपणा वाटायचा तो गेला, कारण त्या लोकांना हा पर्याय मिळाला असता तर त्यांनी नक्की घेतला असता.

काकांनी काय काय केलं ते सांगते, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्याला तेच हवं असतं. नवा हँगर लावला आणि गेज लावून चारी बाजूंनी चाकाला समांतर आहे का बघितलं, नवीन हँगरसुद्धा जरा वाकडा असतो म्हणे आणि होताच. लांब केजचं डिरेलर मागवून लावलं. चेन नवी, आणि ती मापताना डिरेलर सोडून देऊन पुढची मोठी चेनरिंग आणि मागचा ३४ ह्यांच्यावरून गुंडाळली, वर दोन लिंक जास्त ठेवून कापली, म्हणजे चुकून मोठा-मोठा गिअर पडला तरी चेन ताठ होत नाही. हे माझ्यासमोर केलं आणि मला मुद्दाम तो गिअर टाकायला लावला. मला भीती वाटत होती, पण टाकला, आणि काही झालं नाही. कॅसेटची लॉकरिंग टॉर्क रेंचने आवळली, ४० न्यूटन मीटर, अंदाजाने नाही. व्हरांड्यातल्या दुकानात टॉर्क रेंच बघून मला फार बरं वाटलं. मजुरी घेतली ७०० रुपये, पार्ट वेगळे.

त्यानंतर मे महिन्यात भर उन्हात आणि जुलै-ऑगस्टमध्ये पावसात मिळून चोर्ला बावीस वेळा झाला, त्यातला चार वेळा दुहेरी आणि एकदा तिहेरी. तिहेरीच्या दिवशी तिसऱ्या चढाला माझा केडन्स साठच्या खाली गेला नाही. गुडघा गप्प. वर पोचल्यावर मी रडले, खरं सांगते, कारण फेब्रुवारीत त्याच कठड्यावर बसून मी मनात ट्रिप रद्द केली होती.

कॅसेटची उणी बाजूही आहे. जुन्या ११-२८ मध्ये खालचे दात ११-१२-१३-१४-१५ असे एकेकाने वाढतात, ह्यात ११-१३-१५-१७ अशी दोन-दोनची उडी आहे. घाटात हे जाणवत नाही, पण रायबंदरच्या कॉजवेवर समोरून वारा असताना १३ जड आणि १५ हलका असं होतं आणि मधला १४ आठवत राहतो. तुम्ही मुख्यतः पणजी ते जुनं गोवं असं सपाटीवर ग्रुपमध्ये पळवत असाल तर ही कॅसेट कायमची ठेवू नका. आणि वजनाने हलके, तरुण, अडीच तासात गालिबिये चढणारे असाल तर ३० दात पुरतील. मी माझ्या वयाच्या, माझ्या वेगाच्या लोकांसाठी लिहितेय आणि गोव्यात आपण तेच जास्त आहोत.

उतारासाठी काकांनी जे केलं त्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. आम्ही सगळे चढाच्या मागे होतो, उताराचा विचार त्यांनीच पहिल्यांदा काढला. माझे डिस्क ब्रेकचे पॅड काढून दाखवले, पावसातल्या चोर्लाच्या मातीने आणि वाळूने अर्धे खाऊन टाकले होते. मऊ पॅड काढून मेटलचे लावले, ते जरा आवाज करतात पण ओल्यात आणि लांब उतारावर टिकतात, आणि एक जोडी जास्तीची दिली बॅगेत टाकायला. सोबत सांगितलं की ब्रेक सतत चिकटवून ठेवायचा नाही, वळणाच्या आधी जोरात दाबायचा आणि सोडून द्यायचा, डिस्कला थंड व्हायला वेळ द्यायचा. हे ऑगस्टच्या धुक्यात चोर्ला उतरताना घटवून घेतलं. पावसात भिजून, बोटं गारठलेली असताना ब्रेक दाबायचा सराव गोव्यात दुसरा कुठे मिळणार?

आणि थंडीला हलक्यात घेऊ नका. उंचीबरोबर तापमान हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतं, म्हणजे सेंट मिशेलला २४ असेल तर माथ्यावर ११-१२, वर वारा, आणि आपण घामाने भिजलेले. १९९८ च्या तूर द फ्रान्समध्ये पंतानीने गालिबियेवर पावसात आणि थंडीत हल्ला केला, तो जुलै महिना होता, आणि त्या दिवशी पिवळ्या जर्सीतला, म्हणजे शर्यतीत तोवर पहिला असलेला, उलरिख जवळजवळ नऊ मिनिटं मागे पडला. तो जगातला सगळ्यात ताकदवान सायकलवाल्यांपैकी एक होता. आम्ही तर सप्टेंबरात जातोय. म्हणून जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि एक कोरडा बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, प्रत्येकाने स्वतःजवळ, मागून कोणी आणून देईल ह्या भरवशावर नाही. माथ्यावर पोचल्यावर फोटोच्या आधी कपडे, हे आमच्यात ठरलंय.

प्लॅनिंगमधली अजून एक गोष्ट, ती नकाशावर बोट फिरवताना फोंड्याच्या मैत्रिणीच्या लक्षात आली. गालिबियेहून परत सेंट मिशेलला यायचं तर वालुआरपासून तेलेग्राफपर्यंत तो पाच किलोमीटरचा उतार आता चढ म्हणून परत समोर येतो, दीडशे-पावणेदोनशे मीटर. दिवसभर चढून, उतारात गार पडलेल्या पायांनी तो चढ नको. म्हणून सामान आधी वालुआरला पाठवायचं आणि माथ्यावरून उतरून तिथेच मुक्काम. तिथल्या घाटांत दर किलोमीटरला दगड असतो, त्यावर माथा किती दूर, आपण किती उंचीवर आणि पुढचा किलोमीटर किती टक्के हे लिहिलेलं असतं, तरी काकांनी माझ्या स्टेमवर (हँडल धरणारा पुढचा भाग) पांढरी टेप चिकटवून दिलीय. तिच्यावर मी टक्के लिहिले नाहीत, कुठल्या ठिकाणी काय खायचं ते लिहिलंय. तासाला साठ ग्रॅम कार्ब्सचा हिशोब आहे, एनर्जी जेल मला पोटाला चालत नाही, म्हणून केळी, खजूर आणि आपलं खाजें. खाजें गुळाचं आणि आल्याचं, उन्हात वितळत नाही, खिशात चुरा झाला तरी खाता येतं, तिहेरी चोर्ला त्याच्यावरच झाला.

पॅकिंगही काकाच करून देतात, वेगळे ३०० रुपये. मागचं डिरेलर हँगरवरून सोडून फ्रेमच्या आत बांधतात, पुढच्या फोर्कच्या दोन पायांमध्ये लाकडाचा ठोकळा घालतात म्हणजे खोक्यावर काही ठेवलं तरी फोर्क दबत नाही, डिस्क काढून पुठ्ठ्यात गुंडाळतात. मला पॅडल स्वतः काढायला आणि लावायला लावलं, डावं पॅडल उलट फिरतं हे चार वेळा म्हणून घेतलं, कारण तिथे काका नसणार. हवेची छोटी गॅसची नळकांडी विमानात नेताना कटकट होऊ शकते, त्यापेक्षा साधा हातपंप न्या म्हणाले. जास्तीचा हँगर मात्र न चुकता, प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो आणि परक्या गावात तो मिळेलच असं नाही.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. दुपारी एक ते चार दुकान बंद, आणि शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत तिकडे चारचाकी नेऊच नका. फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर देत नाहीत, जावंच लागतं, आणि साखळीहून म्हापसा दरवेळी जवळ नाही. काम दोन दिवसांत होईल म्हणाले आणि नऊ दिवस लागले, डिरेलर बाहेरून यायचं होतं हे मान्य, पण तसं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी घरातली दुसरी सायकल तयार करून ठेवली असती. बिल देत नाहीत, सायकलचा प्रवास विमा काढायला मला पार्टचं बिल हवं होतं, तीन वेळा मागितल्यावर साध्या कागदावर लिहून सही करून दिलं, आणि विमा कंपनीने ते घेतलं तरी माझी धावपळ झाली. शिवाय सीटची उंची, बुटाखालच्या क्लीटचा कोन वगैरे फिटिंग ते करत नाहीत, स्पष्ट सांगतात की मला ते येत नाही, दुसरीकडे जा. हे सांगणंसुद्धा मला आवडलं, पण तुम्ही एकाच ठिकाणी सगळं उरकायच्या विचाराने जाल तर निराश व्हाल.

तरीही कोणी विचारलं तर मी ह्यांच्याकडेच पाठवते. आमच्या चौघांपैकी तिघांच्या सायकली आता त्यांच्या हाताखालून गेल्यात, चौथ्याची पुढच्या सोमवारी. माझी जुनी ११-२८ त्यांनी साफ करून, तेल लावून, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवलीय, वर पेन्सिलने माझं नाव आणि "ऑक्टोबर" लिहिलंय, परत आल्यावर बदलून देणार.

सायकली ५ तारखेला खोक्यात जातायत. त्याआधी दोन रविवार आहेत, दोन्ही रविवारी आम्ही केरीहून पहाटे साडेपाचला चोर्ला सुरू करणार, दुहेरी. कोणाला ३४ दातांचा गिअर चालवून बघायचा असेल तर या, माझी सायकल अर्ध्या घाटापर्यंत द्यायला तयार आहे, उंची पाच फूट तीन इंचाच्या आसपास पाहिजे. पुढचा आणि मागचा लाईट आणि पावसाचं जॅकेट घेऊन या, वरच्या वळणांना अजून धुकं असतं.